आपोआप

आमच्या वाचनालयाचा संगणक रोज सकाळी मला एकच वाक्य सांगायचा. ‘यू आर अप टू डेट.’ बाजूला हिरवी खूण, खाली शेवटची तपासणी किती वाजता झाली ती वेळ. मी चष्मा पुसायची, पुन्हा ‘चेक फॉर अपडेट्स’वर बाण न्यायची, ठिपके गोल गोल फिरायचे आणि परत तेच वाक्य उमटायचं. २०२५ च्या जूनपासून सप्टेंबरपर्यंत, रविवार आणि पाऊस सोडून, मी हे रोज केलं. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला ‘सगळं ठीक आहे’ असं जो मुलगा रोज सांगतो, त्याच्या वहीत काहीतरी गडबड असते, हे कळायला हवं होतं. पण यंत्राच्या बाबतीत माणूस उगीचच भाबडा होतो.

आमचं गाव बेळगावहून गोव्याकडं जाताना लागतं. पाऊस धो धो, करंट बेभरवशाचा, आणि बाजारात एका दुकानात मराठी तर शेजारच्या दुकानात कानडी. वाचनालय जुनं. वरच्या माळ्यावर पुस्तकं, खाली वर्तमानपत्रांची टेबलं, आणि जिन्याखालच्या कोनाड्यात संगणक. २०१९ साली एका सभासदाच्या मुलीनं वडिलांच्या स्मरणार्थ तो दिला. मी तिथली मानद चिटणीस. मानद म्हणजे पगार नाही आणि शिव्या सगळ्या.

संगणकाला चालवणारी जी मूळ यंत्रणा असते, ती आमची ‘विंडोज १०’. ती २०१५ च्या जुलैत बाजारात आली आणि तिची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार, हे मायक्रोसॉफ्टनं केव्हाच जाहीर केलं होतं. आम्हाला ते कळलं जूनमध्ये, तेही गावातल्या संगणकाच्या दुकानातल्या पोराकडून. पोरगा कानडी शाळेत शिकलेला, मराठी आमच्याइतकंच सफाईनं बोलतो, आणि मला ‘अक्कोर’ म्हणतो. आमच्याकडं कानडी शाळेत बाईंना अक्कोरच म्हणतात.

“म्हणजे चौदा तारखेला बंद पडणार का रे?” मी विचारलं.

“बंद नाही अक्कोर. चालंल की. पण भोकं पडली तर बुजवायला कोण येणार नाही.”

इतक्या थोडक्यात मला आजवर कुणी समजावलं नव्हतं. रोज कुठंतरी कुणीतरी या यंत्रणेत शिरायची नवी वाट शोधत असतो आणि बनवणारे ती वाट लिंपत असतात. चौदा तारखेनंतर लिंपण बंद. घर उभं राहील, पण प्रत्येक पावसाळ्यात जास्त गळेल. ‘विंडोज ११’ घ्यायची तर फुकट मिळते, ऑक्टोबर २०२१ पासून मिळतेच आहे, हेही त्यानंच सांगितलं.

कार्यकारिणीच्या बैठकीत मी विषय मांडला. अध्यक्ष म्हणाले, “आपोआप येतंय की ते. आमच्या घरच्यात रात्री झोपलो तेव्हा जुनं होतं, सकाळी उठलो तर नवं. तुम्ही कशाला डोकं लावताय?” बैठकीच्या वहीत ठराव झाला: सदर सुधारणा आपोआप येत असल्याने कार्यवाहीची आवश्यकता नाही. चहा आला आणि आम्ही वाढदिवसाच्या देणग्यांकडं वळलो.

शेजारच्या पतसंस्थेत जुलैत आपोआप आलं. चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडं आलं. आमच्याकडं हिरवी खूण.

मग एक दिवस मी त्या पानाच्या खाली सरकून पाहिलं. तिथं बारीक अक्षरांत एक ओळ होती, ती मी जाहिरात समजून कधी वाचलीच नव्हती. अर्थ असा, की हे यंत्र विंडोज ११ च्या किमान अटी पुऱ्या करत नाही. हिरवी खूण वर, नकार खाली. वधूपित्याला ‘मुलगी पसंत आहे’ म्हणून खालच्या ओळीत ‘पण योग नाही’ लिहिण्याची जुनी रीत माझ्या पिढीला ठाऊक आहे.

पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो अशाच कंपनीत असतो. “मावशी, सहा वर्षांचं मशीन ना? टाकून दे. चाळीस हजारात नवं येतं.” आमच्या वाचनालयाची वर्षाची वर्गणी सगळी वसूल झाली (ती होत नाही) तरी चाळीस हजार होत नाहीत. पण मला पैशांपेक्षा दुसरीच धास्ती होती, आणि ती भाच्याला सांगून समजली नसती. ती अण्णांची सूची होती.

अण्णा आमचे ग्रंथपाल. अण्णा हा शब्द मराठी की कानडी यावर आमच्या कट्ट्यावर वाद होतात. आमचे अण्णा दोन्हींतले होते. दीड-दोन हजार कानडी पुस्तकंही आमच्याकडं आहेत, आणि ती कुठल्या कपाटात हे अण्णांनाच माहीत. २००४ च्या सुमारास, साठी उलटल्यावर, ते संगणकावर मराठी टंकन शिकले आणि वाचनालयातलं एकेक पुस्तक हातात घेऊन त्याची नोंद करायला बसले. दाखल क्रमांक, नाव, लेखक, प्रकार, कुणी दिलं, आणि शेवटी ‘शेरा’. ते काम बारा वर्षं चाललं. अण्णा २०१८ साली गेले. नवा संगणक आला तेव्हा सूची जुन्यावरून त्यावर आणली आणि आम्ही निश्चिंत झालो.

शेऱ्याचा रकाना म्हणजे अण्णा स्वतः. ‘पान ४३ ते ४८ नाहीत. फाडणाराचे नाव माहीत आहे, लिहीत नाही.’ ‘पुरात भिजले, उन्हात वाळवले, वाचता येते.’ ‘हे पुस्तक देणाऱ्या बाईंना वर्षातून एकदा दाखवावे.’ त्या बाई आता नव्वदीच्या आहेत. दर पाडव्याला मी पुस्तक घेऊन त्यांच्याकडं जाते. ते सूचीत नसतं तर मला कळलं असतं कसं?

ही सूची भाच्याला पाठवून सुरक्षित ठेवावी म्हणून मी ती फाईल त्याला धाडली. पाच मिनिटांत त्याचा फोन. “मावशी, हे काय पाठवलंयस? सगळा कचरा आहे.” त्यानं फोटो पाठवला. पाहिलं तर इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं, वर टिंबं असलेली परदेशी अक्षरं, यांची नुसती मिसळ. माझ्या पोटात गोळा आला. धावत वाचनालयात गेले. आमच्या संगणकावर सूची जशीच्या तशी, ठळक मराठीत.

त्या रात्री मला कळलं ते लिहून ठेवते, कारण सीमाभागातल्या किती संस्थांच्या आणि किती लेखकांच्या कपाटात अशी अक्षरं पडून असतील. संगणकात अक्षर म्हणजे एक क्रमांक. जुन्या दिवसांत मराठी टंकनाची सोय करणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवरच मराठी अक्षरांचे तुकडे बसवले होते: काना एका घरात, वेलांटी दुसऱ्या, अर्धा त तिसऱ्या. दोनशे छपन्न घरांत सगळा संसार. संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच. फक्त मराठी फाँटचा अंगरखा घातला की आपल्याला मराठी दिसायचं. अंगरखा काढला की कचरा. शिवाय प्रत्येक कंपनीची घरांची वाटणी निराळी. देवनागरीला स्वतःचे क्रमांक देणारी युनिकोडची व्यवस्था १९९१ साली कागदावर आली, विंडोजमध्ये ती विंडोज २००० पासून शिरली, पण अण्णांना ज्यानं शिकवलं त्यानं आपल्या हाताशी होतं ते शिकवलं. त्यात त्याचा दोष नाही. बेळगावचे छापखाने त्यावरच चालत.

म्हणजे अण्णांची बारा वर्षं एका फाँटच्या फाईलवर आणि एका जुन्या टंकनाच्या प्रोग्रामवर टांगलेली होती. प्रोग्रामला संगणकाच्या पाठीमागं खोचायची एक किल्ली होती, अंगठ्याएवढी. ती विकणारं दुकान केव्हाच उठलं. नवा संगणक घेतला तर हे तिथं पुन्हा कोण बसवणार? मला हवी होती ती सुधारणा घर न पाडता, भांडी न हलवता होणारी.

दुकानातल्या पोराला बोलावलं. त्यानं मायक्रोसॉफ्टचाच तपासणीचा प्रोग्राम लावला. हा ‘पीसी हेल्थ चेक’ सगळ्यांना फुकट मिळतो. प्रोसेसर चालेल: इंटेलचा आठव्या पिढीचा, आणि तिथूनच पुढचे चालतात. चार जीबी मेमरी लागते, आमची आठ. चौसष्ट जीबी जागा लागते, ती होती. नापास झालो ते एकाच विषयात: टीपीएम २.०. ही म्हणजे संगणकातली एक छोटी तिजोरी, गुप्त किल्ल्या ठेवायची. विंडोज ११ ती असल्याशिवाय पुढं सरकत नाही.

“तिजोरी नाही म्हणतंय. आता काय, विकत आणायची?”

पोरगा हसला. “स्वल्प तडीरी, अक्कोर.” म्हणजे जरा थांबा. त्यानं संगणक बंद करून चालू केला आणि चालू होता होता डिलीटची कळ टकाटका दाबत राहिला. एक काळानिळा पडदा आला, जो मी सहा वर्षांत पाहिला नव्हता. विंडोज जागी होण्याच्या आधीची ही खोली. तिथं दोन-तीन दारं उघडून तो एका ओळीवर थांबला. पीटीटी. समोर लिहिलं होतं, ‘डिसेबल्ड’.

तिजोरी पहिल्या दिवसापासून घरात होती. कारखान्यातून येताना तिचं बटण बंद होतं, आणि सहा वर्षांत ते कुणी चालू केलं नव्हतं, इतकंच. एएमडीचा प्रोसेसर असेल तर याच गोष्टीला एफटीपीएम म्हणतात. त्यानं बटण चालू केलं, जपून ठेवलं, बाहेर आला. पुन्हा तपासणी. सगळीकडं हिरवं.

चाळीस हजारांचं बटण. मी त्याला कुंदा खायला घातला.

इथं ही गोष्ट संपायला हवी होती. खालची ती बारीक ओळ गेली, पण तिच्या जागी काहीच आलं नाही. ‘यू आर अप टू डेट.’ आठवडा गेला. श्रावण गेला. ही सुधारणा एकाच दिवशी सगळ्या यंत्रांना पाठवत नाहीत. टप्प्याटप्प्यानं सोडतात, कुठल्या घडणीच्या यंत्रांवर अडचण येते ते पाहत पाहत, आणि एखाद्या यंत्राशी काही जुळत नाही असं वाटलं की त्याचा नंबर मागं ठेवतात. पद्धत शहाणपणाचीच आहे. पण रांगेत आपण कितवे, हे सांगायची सोय तिच्यात नाही. वाट पाहायला आमच्या गावाला कुणी शिकवायला नको; पण निदान गाडी सुटली की नाही हे तरी स्टेशनमास्तर सांगतो.

गणपती बसले, गौरी आल्या, गेल्या. मी अध्यक्षांना म्हटलं, आता मी हातानं घालणार. ते म्हणाले, “बाई, बिघडलं तर?” मी म्हटलं, “बिघडलं तर मी. नाही बिघडलं तर कार्यकारिणी.” ते हसले. ठराव मात्र झाला नाही.

हातानं घालायचे तीन मार्ग आहेत आणि तिन्ही मायक्रोसॉफ्टच्याच पानावर उघड मांडलेले आहेत. पहिला, ‘इन्स्टॉलेशन असिस्टंट’ नावाचा छोटा प्रोग्राम: तो चालवला की बाकीचं तोच आणतो. यात सगळं आपल्याच जोडणीवरून उतरतं, आणि आमच्या वाचनालयाची जोडणी पावसात निजते. दुसरा, किमान आठ जीबीचा पेनड्राईव्ह तयार करून त्यावरून घालणं. तिसरा, अख्ख्या यंत्रणेची एकच मोठी फाईल, जिला आयएसओ म्हणतात, ती कुठंही उतरवून आपल्या संगणकावर आणणं. आम्ही तिसरा धरला. फाईल पाच जीबीहून मोठी. पोरानं रात्रभर दुकानात उतरवली आणि सकाळी माझ्या पेनड्राईव्हवर घालायला गेला तर पेनड्राईव्ह म्हणतो, बसत नाही. सोळा जीबीचा, सगळा रिकामा! त्याची आतली आखणी जुन्या फॅट-३२ पद्धतीची होती आणि त्या आखणीत चार जीबीहून मोठी एक फाईल मावत नाही. गोदाम मोठं, दार लहान. पोरानं आखणी बदलून दिली.

मग त्यानं माझ्याकडून एक काम करून घेतलं जे मला फार आवडलं. फाईल उतरताना कुठं खराब झाली नाही ना, किंवा कुणी बदलली नाही ना, हे पाहायला तिच्यावरून चौसष्ट अक्षरांची एक मोहोर निघते. कंपनीच्या पानावर छापलेल्या मोहोरेशी ती तंतोतंत जुळली पाहिजे. “तुम्ही वाचा, मी बघतो.” मी शाळेत हजेरी घ्यावी तशी एकेक अक्षर मराठीत वाचत गेले, “सात, ए, तीन, एफ…” आणि तो कानडीत “हां, हां, मुंदे” म्हणत गेला. चौसष्टच्या चौसष्ट जुळली. मुद्रितं तपासायची ही जुनी रीत, एकानं वाचायचं, दुसऱ्यानं पाहायचं.

वाचनालयात आलो. आयएसओवर दोनदा टिचकी मारली की ती एखादी सीडी घातल्यासारखी उघडते. तिच्यातलं ‘सेटअप’ चालवायचं. परवाने, अटी, पुढं, पुढं. मग एक पडदा आला: काय काय ठेवायचं? तीन पर्याय. पहिला, फाईली आणि प्रोग्राम दोन्ही ठेवा. दुसरा, नुसत्या फाईली ठेवा. तिसरा, ‘नथिंग’. पहिला पर्याय फिका पडलेला होता. त्यावर टिचकी बसेना.

पोराचा हात ‘पुढं’वर जात होता. “फाईली राहतात अक्कोर, दुसरा चालतो.” मी त्याचा हात धरला, अक्षरशः. फाईली राहतील, पण फाँट जाईल, टंकनाचा प्रोग्राम जाईल. भाच्याच्या पडद्यावरचा तो कचरा माझ्या डोळ्यांपुढं उभा राहिला. अण्णांची फाईल सुरक्षित आणि अण्णा गायब.

आम्ही ‘कॅन्सल’ केलं. पहिला पर्याय फिका का, हे शोधायला दोन दिवस गेले. कारण असं निघालं, की आमच्या संगणकावरची विंडोज होती अमेरिकन इंग्रजीतली आणि आम्ही आणलेली आयएसओ होती ‘इंग्लिश इंटरनॅशनल’, म्हणजे ब्रिटिश वळणाची. यंत्राच्या लेखी या दोन वेगळ्या भाषा. भाषा बदलत असेल तर प्रोग्राम ठेवता येत नाहीत. ‘कलर’ शब्दात एक ‘यू’ जास्त की कमी, एवढ्यावर अण्णांची बारा वर्षं अडली होती! आम्ही इथं पिढ्यान् पिढ्या घरात मराठी, बाजारात कानडी, कचेरीत इंग्रजी अशी पलटी मारतो. आणि आमच्याच मराठीला पुण्याचे पाहुणे ‘हे कुठलं मराठी?’ म्हणतात तेव्हा रागावतो. यंत्र पुण्याच्या पाहुण्यांहून कडक निघालं.

पोरगा ओशाळला. मी म्हटलं, “तुझी चूक नाही रे, मीच ‘इंटरनॅशनल’ म्हणजे चांगलं समजून निवडायला सांगितलं होतं.” हे खरंच होतं.

दुसरी आयएसओ, अमेरिकन. पुन्हा रात्र, पुन्हा चौसष्ट अक्षरं. अनंत चतुर्दशी शनिवारी झाली. सोमवारी, ८ सप्टेंबरला, वाचनालय बंद असतं, तो दिवस धरला. आधी दोन निरनिराळ्या ठिकाणी नकला ठेवल्या: सूचीची, आणि या वेळी फाँटच्या फाईलचीही. शिवाय मी आणखी एक केलं, ते पोराला हास्यास्पद वाटलं असेल. झेरॉक्सवाल्याकडून सगळी सूची कागदावर छापून आणली, ठळक मराठीत. सव्वादोनशे पानं. कागदाला फाँट लागत नाही.

दहा वाजता सुरू केलं. या वेळी पहिला पर्याय ठसठशीत काळा. टिचकी मारली. टक्के चढू लागले. अठ्ठेचाळीस टक्क्यांवर करंट गेला.

यूपीएस ओरडायला लागला. तो जुना, वीस मिनिटांचा. पावसात करंट वीस मिनिटांत आल्याचं आमच्या गावात कुणी पाहिलेलं नाही. पोरगा पायरीवरून उडी मारून पळाला आणि दुकानातला इन्व्हर्टर, बॅटरीसकट, दुचाकीवर पुढं ठेवून घेऊन आला; वर प्लास्टिकचा कागद. शेजारच्या पतसंस्थेचा शिपाई मदतीला आला. जोडेपर्यंत यूपीएसचा आवाज लांबट झाला होता. मी अण्णांच्या खुर्चीत बसून छापलेली सूची मांडीवर घेतली होती आणि, खोटं कशाला सांगू, रामरक्षा म्हणत होते. अशा वेळी करंट गेला तर बहुधा यंत्र परत जुन्या ठिकाणी जातं, तशी सोय त्यात असते. पण ‘बहुधा’ हा शब्द त्या वेळी फार लहान वाटतो.

यंत्र तीनदा बंद पडून उठलं. प्रत्येक वेळी काळा पडदा, मध्ये टक्के. साडेबाराला नवा पडदा आला, खालची बटणं मधोमध, निळं फूल उमलल्यासारखं चित्र.

“आत्री,” पोरगा म्हणाला. झालं.

मी सूची उघडली. पहिल्या ओळीपासून मराठी. क्रमांक ४१७, पान ४३ ते ४८ नाहीत. सगळं होतं. मी खाली सरकत गेले आणि शेवटच्या ओळीपाशी नवी नोंद करावी म्हणून कळ दाबली. इंग्रजी ‘के’ उमटलं. पुन्हा दाबली. ‘के’. टंकनाचा तो जुना प्रोग्राम यादीत दिसत होता, पण उघडत नव्हता. पाठीमागची किल्ली नव्या यंत्रणेला ओळखू येईना. काढून घातली, दुसऱ्या भोकात घातली. नाही.

म्हणजे अण्णांचं वाचता येणार होतं, त्यांच्या अक्षरात पुढं लिहिता येणार नव्हतं.

अशा सुधारणेनंतर दहा दिवस मागं जायची मुभा असते. जुनी यंत्रणा ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या कप्प्यात ठेवलेली असते. दहा दिवसांनी ती आपोआप पुसली जाते. (हे मात्र वेळेवर आपोआप होतं.) ते दहा दिवस मला फार जड गेले. मागं जावं तर टंकन चालेल, पण ऑक्टोबरनंतर लिंपण नाही. नेट तोडून यंत्र नुसतं सूचीपुरतं ठेवावं, असंही एकानं सुचवलं. भाचा म्हणाला, घरच्या संगणकांना वर्षभराची वाढीव मुदत जाहीर झालीय, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, तसं काही बघ. पण आमचा संगणक कुणाच्या घरचा नव्हता, आणि मुदतवाढीचं आयुष्य मी पुष्कळ पाहिलंय. शिवाय एक गोष्ट मला टोचत होती: ज्या किल्लीवर सगळं अवलंबून, ती अंगठ्याएवढी वस्तू उद्या पडली, मोडली, तर? तेव्हा मागं जायला कुठली खोली असणार?

नवव्या दिवशी मी पोराला सांगितलं, नाही जायचं.

जुनी अक्षरं युनिकोडमध्ये उलटवणारे प्रोग्राम मिळतात. एका मिनिटात सगळी सूची उलटून आली आणि मी हरखले; मग वाचायला लागले. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी आधी टंकायची आणि अक्षर मागून, कारण ती कागदावर आधी दिसते; युनिकोडमध्ये अक्षर आधी. रफाराचं उलट: जुन्यात शेवटी, नव्यात सुरुवातीला. उलटवणारा प्रोग्राम बहुतेक ठिकाणी हे सांभाळतो, पण जोडाक्षर आलं की वेलांटी भलत्याच्या डोक्यावर बसते. ‘स्मृतिचित्रे’ची चित्रं विस्कटली. महर्षींचा रफार ‘म’वर गेला. आणि आपला तो खास मराठी र, ‘दऱ्या’तला आणि ‘तऱ्हे’तला, तो तर जागोजाग गळून पडला; ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’चं ‘वहाड’ झालं. कानडी पुस्तकांची नावं अण्णांनी देवनागरीत लिहिली होती, ती ओळखण्यापलीकडं गेली.

म्हणून आता रोज संध्याकाळी पाच ते सात आम्ही दोघं बसतो. मी मांडीवर छापील सूची घेऊन वाचते. तो पडद्यावर पाहतो, चुकलं तिथं दुरुस्त करतो. कानडी नावं आली की तो वाचतो आणि मी ऐकते. ती नावं तो आता कानडी लिपीतच भरतो, नव्या व्यवस्थेत एकाच रकान्यात दोन्ही लिप्या नांदतात. अण्णांना हे जमलं नव्हतं. संगणकाला इनस्क्रिप्ट नावाची सरकारमान्य कळपद्धती आहे, ती विंडोजमध्येच असते, किल्ली लागत नाही. ती मी सत्तरीत शिकले. बोटं अजून जुन्या जागी जातात.

शेऱ्यांच्या बाबतीत एकदा आमचं भांडण झालं. ‘फाडणाराचे नाव माहीत आहे’ यात अण्णांनी ‘फाडणाऱ्याचे’ लिहायला हवं होतं, असं पोराचं म्हणणं. त्याचं व्याकरण बरोबर. मी म्हटलं, राहू दे, यंत्रानं केलेली चूक आपण काढायची, अण्णांनी केलेली नाही. तो थोडा वेळ गप्प बसला आणि विचारलं, “आणि कुठली कुणाची हे कसं कळायचं अक्कोर?”

मी कागदाकडं बोट केलं. काल आम्ही ३,२०६ पर्यंत पोचलो. शेरा आहे: ‘वाळवी. औषध मारले. पुन्हा पाहावे.’ वरच्या माळ्यावर जाऊन पाहायला हवं.